बिनदिव्याचा गोठा

९ नोव्हेंबर

घशाच्या डॉक्टरने आज निकाल दिला. महिनाभर मोठ्याने बोलायचं नाही. भाषण तर नाहीच नाही. जे बोलायचं ते हळू आणि कामापुरतं. मी म्हटलं, बोलणं हेच ज्याचं काम त्याने काय करायचं? तो हसला नाही. ज्याला गप्प बसवणं गिरणीच्या मालकांना जमलं नाही, पोलिसांना जमलं नाही, त्याला वाटाण्याएवढ्या गाठीने गप्प बसवलं. बोलता येत नाही म्हणून ही वही उघडली आहे. कुठेतरी वाफ जायला हवी.

संध्याकाळी दादाचा फोन. तो महिनाअखेर गोठा उतरवणार आहे. सुताराशी बोलणं झालंय, लाकूड कुजलंय, उरलेली एक गाय दूधवाल्याला द्यायची ठरलीय. आतलं काही हवं असेल तर येऊन घेऊन जा, म्हणाला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टर आठवला. "येतो," एवढंच म्हटलं.

आतलं काय हवं? माळ्यावरच्या गवताचा वास हवा. गाय रवंथ करताना होणारा तो दगडावर दगड घासल्यासारखा आवाज हवा. पोत्यात भरून आणण्यासारखं त्यातलं काय आहे?

निरोपाच्या सभेत कामगारांनी मला कॅमेरा दिला होता. रोलचा, जड, जुन्या घाटाचा. कपाटातून काढला. गोठ्याचा असा एक फोटो काढीन की तो बघून गोठा पाडायला दादाचा हात उठणारच नाही. तोंड बंद आहे, पण कॅमेऱ्याला कुठे घसा असतो?

१२ नोव्हेंबर

पोचलो. वहिनी पायरीवर उभी होती. मी फाटकातून आत आलो तरी तिने ओळख दिली नाही. "कोण?" म्हणाली. मी जवळ जाऊन हळूच "मी" म्हटल्यावर चेहरा उजळला. म्हणाली, भावोजी, तुम्ही येताय हे पूर्वी वळणावरच कळायचं, आज मांजरासारखे आलात. मग पुढे होऊन तिने हात पुढे केला, जणू मला "या" म्हणत होती. मी तेवढ्यात पहिला फोटो काढला. उन्हातली पायरी, हात पुढे केलेली वहिनी. फार लोभस चित्र आहे.

तिचं वय दिसायला लागलंय. चहा ओतताना कपात बोट घालून बघते. पूर्वी अशी नव्हती, फार टापटिपीची होती. बोट घातलेला चहासुद्धा चांगला होता.

मग गोठा. खाली दगड, वर लाकूड, त्यावर गवताचा माळा. दार उघडलं आणि काळोखाचा एक थंड, ओलसर लोट अंगावर आला. क्षणात मी पुन्हा हाफपँटमध्ये. शेण, गवत, दूध, चामड्याचे पट्टे आणि खोल कुठेतरी बाबांच्या घामाचा वास. आत दिवा नाही. कधीच नव्हता. बाबांचा एकच कायदा होता: गोठ्यात दिवा न्यायचा नाही. त्यांच्या लहानपणी शेजारचा गोठा कंदिलापायी गवतासकट, जनावरांसकट जळाला होता. तो हंबरडा त्यांच्या कानातून कधी गेला नाही. पुढे घरात वीज आली तेव्हाही तार गोठ्याच्या उंबऱ्यापाशी अडवली. म्हणून आम्ही घरातले सगळे गोठा पायांनी शिकलो. दारातून आत, डावीकडे बादल्या, मग गव्हाण, मग मधला खांब, मग शिडी. बाबा आम्हाला पैजेवर आत पाठवायचे, सांडू न देता दुधाने भरलेली चरवी बाहेर आणायची. दादा नेहमी जिंकायचा. मी वाटेत गाईशी बोलत बसायचो आणि दूध निवायचं.

आज आत शिरलो आणि पहिल्याच पावलाला नडगी बादलीवर आपटली. कळवळलो, तेही हळू आवाजात.

१३ नोव्हेंबर

दादाला विचारलं, लाकूड नक्की कुठे कुजलंय? तो म्हणाला, सगळीकडे. सकाळी तो शेतात गेल्यावर मी हातोडी घेऊन एकेक वासा ठोकून पाहिला. खणखणीत. तुळई तर माझ्या तब्येतीपेक्षा कितीतरी बरी. म्हणजे दादा खोटं बोलतोय. जन्मात कधी बोलला नाही, सराव नाही, म्हणून इतकं वाईट जमलंय. पण कशासाठी? शहरातली माणसं जुनं पाडतात तेव्हा त्यामागे लोभ असतो, हे मी शंभर व्यासपीठांवरून सांगितलंय. दादाला लोभ चिकटावा? विश्वास बसत नाही, पण दुसरं कारणही सुचत नाही.

जेवताना दादाने टोमणा मारला, वासे ठोकत फिरत होतास म्हणे, घर फिरायच्या आधीच वासे फिरलेत का बघत होतास? मी उत्तर तयार केलं होतं, चांगली चार वाक्यं, चढत्या भाजणीची. गिळली. वहिनी मात्र हसली. मग पाण्याचा तांब्या घ्यायला गेली आणि तिचा हात त्याच्या शेजारीच पडला. दादाने तांब्या तिच्या हाताखाली सरकवला. म्हातारपणीसुद्धा किती लाड.

१५ नोव्हेंबर

रोल धुऊन आला. बाजारातला फोटोवाला स्वभावाने सरळ आहे. पाकीट देताना म्हणाला, "काका, आतले सगळे काळे आलेत. एका फोटोत शेपूट आहे, पण ते पण नक्की नाही." त्याने समजावलं: एवढ्या अंधारात कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडून भागत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, पडदा उघडा ठेवून थांबायचं, उजेड थेंबाथेंबाने साठू द्यायचा. आणि एक गंमत सांगितली. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत येत नाही. माणूस चालत गेला तर नाहीसाच होतो. जे स्थिर राहतं तेच उमटतं. तिपाई त्याने स्वतःची दिली.

बाहेरचे फोटो मात्र छान आलेत. वहिनीचे चार-पाच आहेत, पायरीवर, विहिरीपाशी, परसात. तिला दाखवले. एक तिने उलटा धरला आणि "छान आहे हो" म्हणाली. कलेविषयी इतकी उदासीनता. तिला चष्मा लाव म्हटलं तर म्हणते, त्याचा आता उपयोग नाही. बायका या वयातही चष्म्याला लाजतात.

१६ नोव्हेंबर

आज बराच वेळ आत बसलो. अंधारात घड्याळ दिसत नाही, पडदा किती वेळ उघडा ठेवला ते कळणार कसं? मग युक्ती सुचली. माझं आयुष्यातलं पहिलं भाषण मी याच गोठ्यात केलं. शाळेच्या स्पर्धेसाठी, गव्हाणीवर चढून, गाईंपुढे. आमच्या आठ गाई होत्या, त्यांतल्या दोन लक्ष देऊन ऐकायच्या. त्या भाषणाची सुरुवात अजून पाठ आहे: "मित्रहो, अंधार हा बाहेर नसतो, तो बंद दारामागे असतो. दारं उघडा, उजेड आत घ्या." हेच शेवटचं वाक्य पुढे माझं ब्रीद झालं, भिंतीभिंतींवर रंगवलं गेलं. पडदा उघडला की ती सुरुवात पुटपुटायची. ती संपली की पडदा बंद.

पुटपुटत असताना मागून आवाज आला, "सासूबाई सांगायच्या, तुमच्या भाषणाला घाबरून गाय दूध चोरायची." वहिनी कधी आत आली कळलंच नाही. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात तिचं बसायचं पाटुकलं. मी म्हटलं, जपून, मधे तिपाई आहे. ती म्हणाली, मघाशी तुमच्या पुटपुटण्यावरून अंदाज आला, मी बाजूने आले. गाईच्या पाठीवरून हात फिरवत ती बसली, कपाळ खांबाला टेकवलं आणि धार सुरू झाली. चरवीत पहिल्या धारेचा टणटण आवाज, मग भरत जाईल तसा जाड, मऊ होत जाणारा. हा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आई धार काढायची तेव्हा मी माळ्यावर गवतात झोपलेला असायचो, आणि आवाज मऊ झाला की समजायचं, आता ताज्या दुधाचा पेला मिळणार. मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं.

त्या मधल्या खांबाविषयी: बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तो आरशासारखा गुळगुळीत झालाय. बाबांचा हात! रोज आत येताना ते खांबाला हात लावायचे. एवढ्या खाली कसा लागत असेल हे कळत नाही, पण हात बाबांचाच.

१९ नोव्हेंबर

आतले फोटो आले. आता काळे नाहीत, करडे आहेत. ओल्या फडक्यासारखे. खांब दिसतो, गव्हाण दिसते, पण जीव नाही. असा फोटो बघून दादा काय, मीसुद्धा गोठा पाडीन.

दोष अंधाराचा आहे. मी जन्मभर जे सांगितलं ते इथे का करू नये? पश्चिमेच्या भिंतीला वरच्या बाजूला फळ्या आहेत. चार-पाच काढल्या तर संध्याकाळचं ऊन थेट गव्हाणीवर पडेल. धुळीतून सोन्याचे पट्टे उतरतील. तेव्हापासून डोळ्यांसमोर तेच चित्र आहे.

२० नोव्हेंबर

लिहायचं धैर्य होत नाही. पण वहीलाही फसवायला लागलो तर मग उरलं काय.

दुपारी दादा बाजारात, वहिनी आत पडलेली. मी फळ्या काढल्या. बादल्या चित्रात आड येत होत्या म्हणून उचलून पलीकडे नेल्या. गाईला वळवून तोंड उजेडाकडे केलं. काढलेल्या फळ्या दाराच्या आत ठेवल्या. ऊन आलं, आणि काय आलं! सबंध गोठा पेटल्यासारखा झाला. बाबांना असलाच उजेड नको होता, हा विचार मनात आला आणि मी तो झटकला. कॅमेऱ्यामागे होतो, इतका खूश की जणू सभा जिंकली. तेवढ्यात वहिनी चरवी घेऊन आली. सावध करायला तोंड उघडलं, पण इतके दिवस दाबलेला घसा, आवाजच फुटेना. ती दारात थबकली. ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने दोन्ही हात पुढे केले, चरवी पडली. गाय बिथरली. वहिनी तिच्या नेहमीच्या वाटेने पुढे निघाली आणि ती वाट मी फळ्यांनी अडवली होती.

तिचं मनगट मुरगळलंय. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे.

दादा रागावला असता तर बरं झालं असतं. अंगणात माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "तिला दिसत नाही रे. उन्हात तर काहीच नाही. सावल्यांसारखं थोडं दिसतं, तेही जाणार आहे." मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालंय. उपाय नाही. कोणाला सांगायचं नाही अशी तिने शपथ घातली होती, आणि मला तर मुळीच नाही, कारण तिचं म्हणणं, भावोजी माझ्यावर भाषण करतील. परसात ती दोनदा पडली. दादाला झोप लागत नाही. ती पहाटे उठून गोठ्यात जाते, त्याचा जीव टांगणीला. म्हणून गोठाच नको, गाय नको, असं त्याने ठरवलं. लाकूड कुजलं हे निमित्त.

कपात घातलेलं बोट. उलटा फोटो. तांब्या. माझे डोळे चांगले आहेत, आणि मी एवढे दिवस तिच्या समोर बसून जेवतोय.

२१ नोव्हेंबर

फळ्या परत ठोकल्या. अंगठाही ठोकून घेतला. बादल्या डावीकडे, जिथे बाबांच्या वेळेपासून आहेत तिथे. दार लावून आत उभा राहिलो. फट राहिली नाही ना ते बघत होतो. जन्मात पहिल्यांदा उजेड बाहेर ठेवायची खटपट करत होतो.

धार दादाने काढली. गाईने त्याला लाथ घातली आणि तो तिला जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. घरातून वहिनी ओरडली, तिला आधी मान खाजवून हवी असते. वाटीभर दूध निघालं. सुतार येऊन मोजमापं घेऊन गेला.

२३ नोव्हेंबर

वहिनीने मला बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "तुमच्या दादांना तुम्ही समजावा, भावोजी." मी म्हटलं, माझा आवाज बंद आहे. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय, आता तुमचं कोणीतरी ऐकेल. मग हसली, आणि हसता हसता म्हणाली, "घरात मी आंधळी आहे. गोठ्यात नाही. तिथे तुम्ही सगळेच माझ्यासारखे."

मी तिचा फोटो काढायची परवानगी मागितली. नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंधारात. ती म्हणाली, मला काय, मला बघावा लागणार नाही.

२४ नोव्हेंबर

पहाटे गेलो. तिच्या हाताला पट्टी, त्यामुळे धार दादाच काढणार होता, पण तो बाहेर वैरण काढत होता. कॅमेरा लावला, पडदा उघडला, पुटपुटायला लागलो. वहिनी दारातून आली. मी अंधारात कान टवकारून ऐकत होतो. एकदाही पाऊल अडखळलं नाही. बादलीला वळसा, गव्हाणीला वळसा, पाटुकल्याचा लाकडी आवाज. ती बसली, कपाळ खांबाला टेकल्याचा हलका आवाज आला. बरोबर त्या गुळगुळीत जागी.

बाबांचा हात नव्हे. मी पुटपुटायचा थांबलो. भाषणाची सुरुवात अर्ध्यातच राहिली आणि किती वेळ गेला कळलं नाही. गाय रवंथ करत होती. वहिनी बसून होती, काही न करता. मीही गाईच्या श्वासाला श्वास लावून बसलो. लहानपणी माळ्यावर बसायचो तसा. हळूहळू मला दिसायला लागलं. आधी तिच्या केसांची कड, मग गाईची पाठ, मग तुळई, मग वरचं गवत. सगळं होतं तिथेच. दादाची हाक आली तेव्हा पडदा बंद केला.

फोटो बिघडणार. फार वेळ उघडा राहिला.

२७ नोव्हेंबर

फोटोवाल्याने पाकीट हातात दिलं आणि मोठ्या कागदावर स्वतःहून छापलेली एक प्रत वर ठेवली. पैसे विचारले तर म्हणाला, तिपाईचं भाडं द्या, याचं नको.

बिघडला नव्हता. काळोख काळोखच आहे, पण मऊ, खोल, गवताचं पातं न् पातं मोजता येईल असा. फळ्यांच्या सांध्यांतून आलेला उजेड, जो डोळ्यांना दिसतच नव्हता, तो दुधाच्या सायीसारखा सगळीकडे बसलाय. गाय थोडी धूसर, कारण ती हलली. आणि मधे वहिनी, कोरून काढल्यासारखी. ती दारातून खांबापर्यंत आली ते काहीच उमटलेलं नाही. जणू ती तिथेच होती, कायम.

रात्रीच्या जेवणाआधी मी सगळे फोटो दादापुढे ठेवले. बोलायचं ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. पण दादाने हात वर करून मला थांबवलं. चष्मा लावून तो एकेक फोटो बघत होता. पायरीवरची वहिनी. विहिरीवरची. परसातली. मग गोठ्यातली. पुन्हा पायरीवरची.

"इथे हात पुढे आहेत," दादा म्हणाला. "इथेही पुढे. इथेही." मग त्याने मोठ्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि इथे?"

मी बघितलं. पट्टी बांधलेला हात आणि त्यावर दुसरा, दोन्ही मांडीवर. सैल. मी इतके दिवस तिचे फोटो काढले आणि त्या पुढे केलेल्या हाताला "या" समजत बसलो.

दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, काय चाललंय एवढं शांत, दोघे भांडताय की काय? दादा म्हणाला, सुताराला निरोप देतोय. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वासे काढायला नको, म्हणावं. माळ्याच्या दोन फळ्या ढिल्या झाल्यात, त्या ठोकायला ये." थोड्या वेळाने आणखी म्हणाला, "आणि घरापासून गोठ्यापर्यंत धरायला दोर बांधू. मधलं अंगण तेवढं तिला जड जातं."

स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात ठेवलं गेलं.

३० नोव्हेंबर

दोर बांधून झाला. गाठी दादाने मारल्या, माझ्या गाठींवर त्याचा विश्वास नाही. फोटो मी भिंतीवर लावणार होतो, पण दादाने तो आपल्या उशाखाली ठेवलाय. मी पाहिलं नाही असं मला दाखवायचंय.

आज निघायचं. पहाटे शेवटचा गोठ्यात गेलो, कॅमेरा न घेता. बादलीला वळसा, गव्हाणीला वळसा. नडगी आपटली नाही. वहिनीची पट्टी कालच सुटलीय आणि तिची धार चालली होती. आवाज नुकता टणटणीतून मऊ व्हायला लागला होता. मी माळ्याच्या शिडीवर, खालच्या पायरीवर बसलो. बाबा, आई, आठ गाई, गव्हाणीवर उभा असलेला एक हडकुळा मुलगा, सगळे आपापल्या जागी होते. बाहेर फटफटलं असावं. माझ्यामागे दार अर्धवट राहिलं होतं आणि त्यातून एक पट्टा जमिनीवरून सरकत गाईच्या खुरापर्यंत आला.

धार थांबली.

"दार लावून घ्या भावोजी," वहिनी म्हणाली, "उजेड आत येतोय."

मी उठलो आणि दार लावून घेतलं.